गलाईवाल्याची वही

सकाळी ६

महाद्वार रोडवर फुलवाल्यांच्या पाट्या लागायला लागतात तेव्हा मी गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, बोळातलं शटर अर्धं उचलतो. गिऱ्हाईक यायला अजून साडेतीन-चार तास असतात. पण काल रात्री मोरीतल्या टबात तांब्याच्या पट्ट्या टांगून गेलेलो असतो आणि रात्रभर तिथं काम चाललेलं असतं.

टबातलं पाणी काल संध्याकाळी फिकट निळसर दिसत होतं. त्यात तेजाबानं विरघळवलेली चांदी होती. आता ते गडद निळं झालंय आणि तळाशी राखाडी गाळ बसलाय. तो गाळ म्हणजे चांदी. तेजाबाला चांदीपेक्षा तांब्याची ओढ जास्त, म्हणून तांबं पाण्यात उतरतं आणि चांदीला बाहेर पडावं लागतं. एक ग्रॅम तांबं गेलं की साधारण ३.४ ग्रॅम चांदी खाली बसते. पट्ट्या आदल्या दिवशी तोलून ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्या किती झिजल्या यावरून चांदी किती बसली असेल याचा अंदाज गाळ काढायच्या आधीच येतो.

मग मिठाची परीक्षा. निळं पाणी थोडं काचेच्या पेल्यात घ्यायचं आणि मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे. चांदी शिल्लक असेल तर दही विरजल्यासारखा पांढरा साका उठतो. साका उठला तर पट्ट्या आणखी तासभर राहू द्यायच्या. आज पेला निळाच राहिला. पाणी दुसऱ्या टबात ओततो. फेकत नाही, त्यात तांबं आहे. गाळ गरम पाण्यानं धुतो. शेवटच्या धुण्याचं पाणी बिनरंगी निघेपर्यंत धुवावं लागतं, कारण गाळात तांब्याचं पाणी राहिलं तर ते पुन्हा चांदीबरोबर मुशीत जातं.

ही चांदी आज दुपारी पुन्हा वापरायची आहे. माझ्या दुकानात काही चांदी अशी आहे की ती कुणाच्याच दागिन्यात जात नाही. वर्षानुवर्षं ती सोन्यात मिसळते, तेजाबात विरघळते, तांब्यावर बसते, आटते आणि परत सोन्यात जाते.

सकाळी ८

दोन्ही पोरं येतात. दोघंही माझ्याच तालुक्यातली, खानापूरची. गलाई, म्हणजे सोनं-चांदी आटवून चोख करायचा धंदा, म्हटलं की सराफ बाजारात सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्याचं नाव येतं: खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, म्हणून आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीतली माणसं बाहेर पडली. कुणी केरळ, तामिळनाडूत गेलं, कुणी उत्तर प्रदेश, बंगालमध्ये. जिथं सराफपेठ तिथं एखाद्या बोळात आमच्या विट्याकडचा मराठी माणूस भट्टी घालून बसलेला सापडतो. आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आमच्या रानात आणलंय, ऊस आणि द्राक्षं दिसायला लागली आहेत, तरी पोरं या धंद्यात येतातच. मला फार लांब जावं लागलं नाही. कोल्हापूर म्हणजे घराजवळचंच.

झाडलोट सुरू होते. आमच्याकडे झाडून कचरा बाहेर ढकलायची पद्धत नाही. केर दारापासून आत, भट्टीकडे यायचा. तो चाळून पत्र्याच्या डब्यात जातो. पायपुसणं, हात पुसायची फडकी, भट्टीजवळच्या जमिनीवरची माती, फुटलेल्या मुशीचे तुकडे, तेजाब गाळायचा कागद, सगळ्याला डबे ठरलेले आहेत. नव्या पोराला पहिला महिना मी सोन्याला हात लावू देत नाही. कुठला केर कुठल्या डब्यात जातो एवढंच शिकवतो. सोनं काढणं नंतर शिकता येतं.

त्यानंतर पंख्याची तपासणी. तेजाबाची मोरी काचेच्या पेटीत आहे, वरून धूर ओढून पाण्यातून आणि कॉस्टिक सोड्यातून नेणारी नळी आहे. ती ओढत नसेल तर त्या दिवशी तेजाब उघडायचं नाही.

सकाळी १०

गुजरी जागी होते. पहिलं गिऱ्हाईक बहुतेक सराफाचा माणूस, हातात पुडी, पुडीत मोड. मोड म्हणजे मोडीत आलेलं जुनं सोनं: तुटक्या बांगड्या, एकाच कानातलं, लग्नात आलेल्या पण बोटात न जाणाऱ्या अंगठ्या. पण आज सराफाच्या माणसाबरोबर एक मावशीही आल्या आहेत. करवीर तालुक्यातल्या. सासूच्या वेळची बोरमाळ मोडून सुनेला पाटल्या करायच्या आहेत आणि माळ डोळ्यांदेखत आटवायची, अशी त्यांची अट आहे. अट रास्त आहे. मी त्यांना भट्टीपासून लांब, पण दिसेल अशा खुर्चीवर बसवतो.

तराजूवर माळ ४६.२० ग्रॅम भरते. मावशींच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण पुढचं मला माहीत आहे.

"मावशी, ह्यात लाख आहे."

"लाख? अहो, सोन्याची हाय माळ."

"सोन्याचीच आहे. पण मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली असते."

कोल्हापुरी दागिन्याची ही खुबी आहे. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा. आत लाख भरली नाही तर तो दाबानं चेपेल. लाखेमुळे थोड्या सोन्यात भरघोस दागिना होतो, अंगावर शोभतो, टिकतो. एवढी वर्षं ती लाख दागिन्याच्या कामाची होती. मोडायला आणल्यावर मात्र तीच वजनातली खोट ठरते. सराफानं त्यांना हे दुकानात सांगितलेलं असतं, पण सांगणं वेगळं आणि जळताना बघणं वेगळं.

दोरा काढून तो वेगळा जाळायच्या डब्यात टाकतो, कारण दोऱ्यालाही घासून सोनं लागलेलं असतं. एक मणी पक्कडीनं चेपून मावशींच्या हातावर ठेवतो. आतली तांबूस लाख त्या स्वतः नखानं खरवडून बघतात. मग म्हणतात, "जाळा."

सकाळी १०.३०

लाख आधी मंद आचेवर जाळायची. एकदम मुशीत घातली तर भडका उडतो आणि धुराबरोबर बारीक सोनं उडतं. लाख जळून काळा कोळसा झाला की मणी मुशीत घालतो. वर चिमूटभर सवागी, म्हणजे टाकणखार. सवागी वितळून काचेसारखी होते आणि धातूवरचा मळ, राख, जळकं सगळं आपल्यात ओढून घेते. ब्लोअरचा आवाज चढतो. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तिथवर पोचेपर्यंत इतर धातूंची हजेरी लागून जाते. शिसं ३२७ अंशालाच पाणी होतं. जस्त ९०७ ला उकळतं आणि हवेला लागून त्याचा पांढरा धूर होतो.

मला भीती कॅडमियमची वाटते. मधल्या काळात डाख देताना, म्हणजे सांधे जोडताना, सोनारांनी कॅडमियम फार वापरलं. केडीएमचे दागिने म्हणून ते विकले गेले. डाख चांगला बसायचा, सोन्याचा कसही फारसा उतरायचा नाही. पण कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी ते मुशीतून बाहेर पडून हवेत आलेलं असतं. त्याचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक. दागिना घालणाऱ्याला तो कळतही नाही. तो भोगतात डाख देणारा सोनार आणि आटवणारा गलाईवाला. जुन्या गलाईवाल्यांचा खोकला आम्ही पिढीजात म्हणून सोडून देत होतो.

सोनं पातळ झाल्यावर थोडा शोरा टाकतो. शोरा शिशासारख्या हिणकस धातूंना जाळून वरच्या काचेत ढकलतो. सोन्यात शिसं नावापुरतं राहिलं तरी ते ठोकताना तडकतं, पत्रा निघत नाही. मूस सांडशीत धरून, एकदा हलवून, साच्यात ओततो. कांडी गार होते. तोलतो: ४०.०० ग्रॅम.

मावशी आकडा दोनदा विचारतात. ६.२० ग्रॅम म्हणजे लाख, दोरा आणि मळ. मुशीतली काच फोडून त्यांना दाखवतो, त्यात सोन्याचा मणी अडकलेला नाही ना हे त्यांनी बघावं म्हणून. आणि काच माझ्या डब्यात जाते.

सकाळी ११.१५

आता टंच. कांडीत चोख सोनं शेकडा किती, ते काढायचं. आधी कसोटीवर. काळ्या दगडावर कांडी घासायची, शेजारी ठरलेल्या कसाच्या काड्यांच्या रेघा ओढायच्या, वरून तेजाबाचा थेंब फिरवायचा आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. डोळा बसलेला असला की अंदाज फारसा चुकत नाही. मग मशीन. एक्स-रेनं टंच सांगणारं यंत्र अर्ध्या मिनिटात आकडा देतं, पण ते बघतं वरचा थर. वर मुलामा असेल तर ते फसतं. म्हणून आटवून, ढवळून, कांडीच्या दोन टोकांना वर-खाली बघायचं.

आकडा ८४.० येतो. चाळीस ग्रॅमला ३३.६० ग्रॅम चोख. बाकी ६.४० ग्रॅम तांबं, चांदी आणि थोडा डाख.

मावशींना वाटत होतं २२ कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. आता हॉलमार्क आहे. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक लागतो. हॉलमार्क नसलेल्या जुन्या दागिन्यावर शिक्का म्हणजे सोनाराचा शब्द. शिवाय दर सांध्याला डाख, आणि डाखाचा कस कमीच, नाहीतर दागिना वितळायच्या आधी तो वितळणार कसा? जितके सांधे जास्त, तितका आटवल्यावर टंच खाली. म्हणजे त्या वेळच्या सोनारानं फसवलंच असं म्हणता येत नाही.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवतो. ३३.६० भागिले ०.९१६. मावशींच्या ४० ग्रॅमांतून २२ कॅरेटच्या पाटल्यांना ३६.६८ ग्रॅम सोनं होतं. त्या मान हलवतात. सराफाचा माणूसही त्याच्या वहीत तोच आकडा लिहितो. दोन्ही वह्या जुळल्याशिवाय मी पुढचं काम सुरू करत नाही.

दुपारी १२

पुढचं काम बघितल्यावर नवा माणूस चक्रावतो. सोनं चोख करायचं तर आधी त्यात चांदी घालून ते आणखी हिणकस करावं लागतं.

कारण असं: तेजाब, म्हणजे नायट्रिक, चांदी खातं, तांबं खातं, सोनं खात नाही. पण सोनं जास्त असेल तर ते चांदी-तांब्याला आत कोंडून ठेवतं आणि तेजाब तिथवर पोचत नाही. म्हणून एकूण वजनात सोनं साधारण एक चतुर्थांश राहील एवढी चांदी मिसळायची. चोख ३३.६० ला चारानं गुणलं की १३४.४०. त्यातून कांडीचे ४० वजा. म्हणजे ९४.४० ग्रॅम चांदी घालायची. सकाळी टबातून काढलेली, आटवून ठेवलेली चांदी इथं कामी येते. वहीत ती उसनी म्हणून लिहायची, उद्या सकाळी परत जमा करायची.

दोन्ही एकत्र आटवून मूस उंच धरतो आणि पाण्याच्या बादलीत बारीक धारेनं ओततो. एक पोरगा काठीनं पाणी गोल फिरवत असतो. धातू पाण्यात पडून फुटतो, त्याचा रवा पडतो. रवा जितका पातळ आणि खडबडीत, तितकं तेजाबाला तोंड जास्त. सोन्याच्या माळेचा हा रवा पांढराफटक दिसतो. मावशी बघून म्हणतात, "अगं बाई, ह्यात सोनं कुठं हाय?"

दुपारी १२.४५

रवा काचेच्या चंबूत, वर पाणी घालून हलकं केलेलं तेजाब, खाली मंद आच. दोन मिनिटांत चंबूच्या तोंडाशी तपकिरी-लाल वाफ दिसते. पेटी बंद, पंखा चालू. हा धूर घशाला लगेच झोंबतोच असं नाही. फुप्फुसात पाणी भरायला लागतं ते कधी कधी काही तासांनी, म्हणूनच तो फसवा. माझ्या उमेदवारीच्या काळात एका दुकानात पेटी नव्हती. दार उघडं ठेवून तोंडाला ओलं फडकं बांधायचो. आज कुणी तसं करताना दिसलं तर मी त्या दुकानात चहाही घेत नाही.

चंबू उकळतोय तोवर आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर आळीपाळीनं जेवतो. भाकरी, पिठलं, खर्डा. आत एक घाससुद्धा खायचा नाही. हात दोनदा धुवायचे, आणि धुतलेलं पाणी बादलीत. चांदीच्या पाण्याचा एक शिंतोडा कातडीवर पडला तर उन्हात तो काळा होतो आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. माझी बोटं बघून माणसं मेंदी विचारतात.

सराफाचा माणूस मावशींना चहाला घेऊन जातो. देवीचं दर्शनही उरकून या म्हणून मी सांगतो. तेजाबाला घाई चालत नाही.

दुपारी २.३०

वाफ थांबली. पहिलं तेजाब ओतून घेतो. त्यात चांदी आहे. तांब्यामुळे त्याला हिरवट-निळी झाक आली आहे. राहिलेल्या दाण्यांवर दुसरं, कडक तेजाब. पुन्हा उकळी. पहिल्या वेळी राहून गेलेलं हीण दुसऱ्या वेळी निघतं. मग गरम पाण्यानं धुणं, एकदा, दोनदा, मिठाच्या पाण्यानं पेला गढूळ व्हायचा थांबेपर्यंत.

खाली राहतं ते सोनं, आणि ते अजिबात सोन्यासारखं दिसत नाही. मंद तपकिरी, निस्तेज भुकटी. रस्त्यावर सांडली तर कुणी वळून बघणार नाही.

मधल्या वेळात दुसरं काम हातात घेतो. एका सोनाराच्या पाटावरचा कीस आला आहे. कानशीचा, करवतीचा. आधी त्यातून लोहचुंबक फिरवतो, करवतीच्या पात्यांचं लोखंड निघतं. मग जाळतो. अशा मालात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून त्याला अम्लराज लावतो: तीन भाग मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक, एक भाग शोऱ्याचं, म्हणजे नायट्रिक. सोनं एकट्या कशालाही दाद देत नाही, पण दोन्ही एकत्र आली की विरघळतं. पिवळं-केशरी पाणी होतं. चांदी इथं उलट वागते, ती पांढरा साका होऊन खाली राहते. पाणी गाळून घ्यायचं, त्यातलं उरलेलं नायट्रिक मारायला युरिया टाकायचा. होय, रानात उसाला टाकतो तोच. आणि मग हिराकसाचं पाणी घालायचं की सोनं तपकिरी होऊन खाली बसतं. तांबं वरच्या पाण्यात राहतं.

मोठ्या कारखान्यांत यापुढच्या पद्धती आहेत. १८६७ मध्ये मिलर नावाच्या माणसानं ऑस्ट्रेलियात वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडून हीण वर आणायची रीत काढली. १८७४ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला व्होलविलनं विजेनं सोनं शुद्ध करायची रीत बसवली, त्यात शंभरात ९९.९९ पर्यंत चोख निघतं. दोन्हींना किलोच्या किलो माल लागतो. बोरमाळ आणि पाटावरचा कीस आणणाऱ्यांना गुजरीतलीच मोरी लागते. आणि एकानं आणलेलं सोनं दुसऱ्याच्यात न मिसळता त्याचं त्यालाच परत मिळणं, हे तिथं व्हायचं नाही.

दुपारी ४

भुकटी वाळली. मूस नवी घेतो, कारण जुन्या मुशीच्या भिंतीत आधीच्या मालाचा अंश असतो. सवागीचं पाणी आतून फिरवून मूस चकचकीत करून घेतो म्हणजे सोनं चिकटत नाही. भुकटी कागदासकट आत. मावशी परत आल्या आहेत, कपाळावर कुंकू.

भुकटी लाल होते, आक्रसते आणि एका क्षणी थेंब होऊन फिरायला लागते. हिरवट झाक आली की पुरतं आटलं समजायचं. साच्यात ओततो. लगड उलटी करून पाण्यात टाकली, बाहेर काढली, पुसली.

"आता दिसतंय बघा," मावशी म्हणतात.

तराजू: ३३.६२ ग्रॅम. टंच: ९९.७. म्हणजे चोख ३३.५२. सकाळच्या आकड्याला ८० मिलीग्रॅम कमी. सराफाच्या माणसाला आणि मला नजरेनंच कळतं. माझी बोली सकाळच्या टंचावर झाली आहे, त्यामुळे ३३.६० पुरं करून द्यायचं. माझ्या साठ्यातल्या चोख पत्र्यातून ८० मिलीग्रॅम कातरून पुडीत टाकतो, मजुरी घेतो. मावशींना एवढ्या बारीक तुकड्यासाठी एवढी तोलातोली बघून हसू येतं. सराफाच्या माणसाला येत नाही.

संध्याकाळी ५.३०

हुपरीचा माणूस मोटरसायकलवरून येतो, डिकीत चांदी. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, आसपासच्या रेंदाळ, पट्टणकोडोलीतही घरोघरी पैंजण, जोडवी, साखळ्या घडतात. तिथं आटणीची स्वतःची दुकानं आहेत, पण मिसळलेला, अवघड माल कधी कधी इकडे येतो.

चांदी ९६२ अंशाला वितळते, सोन्यापेक्षा लवकर, पण तिचा एक हट्ट आहे. वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या वीसपटीच्या आसपास ऑक्सिजन पिते आणि थिजताना तो एकदम बाहेर टाकते. वरचा पापुद्रा फुटून थेंब उडतात. आम्ही म्हणतो, चांदी थुंकली. थुंकलेली चांदी भिंतीवर, छतावर, डोळ्यात. म्हणून मुशीत वर कोळशाची भुकटी पसरायची, हवा लागू द्यायची नाही, आणि ओतताना चष्मा.

त्याच्या पिशवीत पॉलिशखान्यातली राखही आहे. अशा राखेला शिसं लागतं. राख, शिसं आणि सवागी एकत्र आटवली की शिसं राखेतली चांदी गोळा करून आणतं. मग तो गोळा हाडांच्या राखेच्या सच्छिद्र वाटीत तापवायचा. शिसं जळून त्याची मुरदाडशिंग होते आणि ती वाटीत मुरते, चांदी मुरत नाही. अखेरीस वरचा पडदा फाटून चांदी झळकन उजळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात हिणाच्या चौपट शिसं घालून सोनं शोधायला सांगितलंय. एवढ्या शतकांत भट्टीला भात्याऐवजी ब्लोअर लागला, शिशाचं काम तेच राहिलं. त्याचा धूरही तेवढाच विषारी आहे, म्हणून हे काम मी रोज करत नाही. राख साठवून, एखाद्या दिवशी, बोळ रिकामा असताना करतो. आज फक्त तोलून, चिठ्ठी बांधून ठेवतो.

संध्याकाळी ७

दिवसभराचं चांदीचं पाणी टबात. तांब्याच्या पट्ट्या तोलून टांगल्या. उसनी घेतलेली ९४.४० ग्रॅम चांदी रात्रीत परत येईल, मावशींच्या माळेतली थोडी घेऊन.

सकाळचं निळं पाणी मात्र आज निकालात काढायचं. त्यात भंगार लोखंडाचे तुकडे टाकले आहेत. तेजाबाला तांब्यापेक्षा लोखंडाची ओढ जास्त, म्हणून आता तांबं लाल भुकटी होऊन खाली बसतं. चांदीला तांबं सोडवतं, तांब्याला लोखंड. लोखंडाला सोडवणारं आमच्याकडे कुणी नाही. तिथं साखळी थांबते आणि चुना सुरू होतो. चुन्याच्या निवळीनं पाण्यातलं तेजाब मारायचं, गाळ बसू द्यायचा, तो वेगळ्या पिंपात भरायचा, घातक कचरा म्हणून परवान्याच्या गाडीला द्यायचा.

एक काळ असा होता की हे पाणी तसंच गटारात जायचं. गटार नाल्याला, नाला पंचगंगेला. नदीच्या पाण्याबद्दल कोल्हापुरात बोलतात तेव्हा बोट साखर कारखान्यांकडे आणि सांडपाण्याकडे जातं, आमची मोरी लहान म्हणून वाचते. पण सोन्याला चोख म्हणायचं आणि त्यातून काढलेलं नदीला द्यायचं, हा हिशेब माझ्या वहीत बसत नाही. तांबं ५ रुपयांचं निघो की ५०० चं, ते निघालंच पाहिजे.

रात्री ८.३०

शटर अर्धं खाली. वही उघडते. डाव्या बाजूला आलेलं, उजव्या बाजूला गेलेलं. मावशींची माळ ४६.२०. उजवीकडे लगड आणि तुकडा मिळून ३३.६० चोख. चांदी-तांबं टबात. लाख आणि दोरा जळाले. राहते ८० मिलीग्रॅमची घट.

ही घट कुठं गेली ते मला साधारण माहीत आहे. थोडं सोनं सवागीच्या काचेत, थोडं नव्या मुशीच्या भिंतीत, थोडं तेजाब गाळायच्या कागदावर, अगदी थोडं धुण्याच्या पाण्यात. दुकानाबाहेर गेलेलं नाही. चोख लगड काढणं हे चांगलं शिकवलेलं पोरगं वर्षभरात करतं. उरलेलं कुठं आहे ते सांगता येण्यासाठी आयुष्य जातं, आणि सराफ पावती न मागता पुडी टाकून जातो तो या दुसऱ्या गोष्टीसाठीच. परमुलखात, भाषा येत नसताना आमच्या माणसांना लोकांनी सोनं दिलं ते त्यांचा शब्द ऐकून नव्हे. संध्याकाळचं वजन सकाळच्या वजनाशी जुळतं, एवढं त्यांना दिसत होतं.

झारेकरी डोकावून जातो. बोळातल्या गटाराची, सोनारांच्या उंबऱ्याखालची माती तो विकत घेतो, पाण्यात धुऊन, घमेलं हलवून जड ते तळाशी राखतो. त्याला माझा केर हवा असतो. दरवर्षी तो भाव वाढवून विचारतो आणि दरवर्षी मी नाही म्हणतो. केर विकला तर घट कायमची घटच राहील.

महिनाअखेरीला डबे उघडायचे. मुशी कुटायच्या, काच दळायची, फडकी आणि कागद जाळायचे, सगळं शिशाबरोबर आटवून वाटीवर चढवायचं. त्यात जे सोनं निघेल ते महिन्याच्या सगळ्या घटींच्या बेरजेजवळ गेलं पाहिजे. गेलं नाही तर पोरांना ओरडण्याआधी मी पंख्याची नळी उघडून बघतो. तोवर मावशींच्या माळेचे ८० मिलीग्रॅम माझ्या नावावर लिहितो आणि कुलूप लावतो.